अम्मीच्या पावलांनी उमरा : वाळपईहून मक्का-मदिनेची तयारी

अम्मीचं नाव 3 कागदांवर 3 प्रकारे लिहिलेलं होतं आणि आमच्या उमराची, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेची, खरी सुरुवात तिथूनच झाली. लोक विचारतात पॅकेज कितीचं होतं, हॉटेल कुठलं होतं, जेवण कसं होतं. ते सगळं सांगतेच पण आधी कागद, कारण आमचे 5 महिने त्यातच गेले आणि गोव्यातल्या जुन्या माणसांना घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला हे लागणार आहे.

अम्मीचा जन्म 1956 चा, वाळपईचा. म्हणजे पोर्तुगीज राजवटीतला, मुक्तीच्या 5 वर्षं आधीचा. तिची जन्मनोंद पोर्तुगीज भाषेत, हाताने लिहिलेली. पोर्तुगीज लोक 'श' चा उच्चार एक्स अक्षराने लिहायचे त्यामुळे आमचं शेख हे आडनाव तिथे एक्सने सुरू होतं. रेशन कार्डावर ते एसने सुरू होतं. आणि आधारवर आडनावच नाही, नुसतं नाव आणि पुढे 'बी', आमच्याकडच्या बहुतेक वयस्क बायकांचं असतं तसं. जन्मतारीख तर आधारवर 1 जानेवारी 1958 घातलेली, ज्यांना नक्की तारीख सांगता आली नाही त्या सगळ्यांची घातली तशीच.

माझा धाकटा भाऊ वेर्णाला औषधांच्या कंपनीत आहे, तो म्हणाला आपा काही होत नाही, आहे तसाच पासपोर्ट काढू. मी नाही म्हटलं. कारण आमच्या गल्लीतल्या एका खालाचा पासपोर्ट आडनावाशिवाय निघाला होता आणि व्हिसाच्या वेळी एजंटने ऐनवेळी हात वर केले, तिची बहीण गेली आणि ती घरी राहिली. तिचं ते रडणं मी पाहिलं होतं. म्हणून ठरवलं की सगळे कागद एका नावावर आणायचे, मगच पुढे.

तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे अर्ज केला, जुन्या नोंदीचा तेओर मागितला. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, तेओर म्हणजे मूळ नोंदवहीतला सगळा मजकूर जसाच्या तसा उतरवून दिलेला दाखला, त्यात आईबाप आजीआजोबा सगळे येतात. तो हातात आला तेव्हा अम्मीने पहिल्यांदा स्वतःची खरी जन्मतारीख ऐकली. 68 वर्षांची बाई, आणि तोपर्यंत तिला एवढंच माहीत होतं की ती पावसात जन्मली, न्हावेलीच्या वाटेवरचा साकव वाहून गेला त्या वर्षी. दाखल्यात तिच्या आजीचंही नाव होतं. ते मी वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "परत वाच गो." मी 3 वेळा वाचलं.

मग तेओर, लग्नाच्या नोंदीचा दाखला (गोव्यात सगळ्यांचीच लग्नं सिव्हिल रजिस्ट्रारकडे नोंदवली जातात, त्याचा इथे फार उपयोग झाला) आणि 'ही सगळी नावं एकाच व्यक्तीची' असं अफिडेविट, एवढं घेऊन आधार दुरुस्तीला. पहिल्या सेंटरवर अर्ज 2 वेळा परत आला, कारण काय ते कोणी धड सांगेना, तिसऱ्या वेळी दुसरीकडे गेलो तिथल्या मुलीने सांगितलं की स्कॅन पुसट आहे एवढंच. चांगला स्कॅन केला आणि काम झालं. पुसट स्कॅनपायी दीड महिना गेला, म्हणून सांगते, नकार आला की तिथल्या तिथे नेमकं कारण विचारून घ्या, त्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. आधारनंतर पॅन, पॅननंतर पासपोर्ट. पणजीला अपॉइंटमेंट, ज्येष्ठ नागरिक म्हणून अम्मीला बसायला दिलं, तासाभरात बाहेर. पोलीस व्हेरिफिकेशन वाळपईतच. पासपोर्ट पोस्टाने आला तेव्हा अम्मीने तो आधी डोळ्यांना लावला मग कपाटात कुराणशरीफच्या खालच्या कप्प्यात ठेवला.

आता हज का नाही, उमरा का, हे बऱ्याच जणांनी विचारलं. अम्मीच्या मनात हजच होता. हज फर्ज म्हणजे सक्तीचा आहे, ऐपत असलेल्यावर आयुष्यात एकदा, आणि उमरा केला म्हणून हज माफ होत नाही हे आम्हाला माहीत आहे. पण 2024 च्या जूनमधला हज आम्ही टीव्हीवर पाहिला. मक्केत पारा 51.8 अंशांवर गेला होता, 1,300 च्या वर माणसं गेली, त्यातली बहुतेक परमिटशिवाय आलेली, ज्यांना तंबू, एसी बस, काहीच नव्हतं. अम्मीचे गुडघे आधीच दुखतात. हजमध्ये मिना, अरफात, मुझदलिफा, परत मिना, 5-6 दिवस ठरलेल्या तारखांनाच आणि लाखोंच्या गर्दीत फिरायचं असतं, तिथे 'आज अम्मीला बरं नाही उद्या करू' हे चालत नाही. उमराला तारीख नाही. इहराम (यात्रेचा पोशाख आणि त्याचे नियम), तवाफ (काबाभोवतीचे फेरे), सई (सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमधल्या खेपा), केस कापणं, 4-5 तासांत होतो, थांबत थांबत केला तरी चालतो. म्हणून भावाने आणि मी ठरवलं की आधी उमरा करू, अम्मीला तिथली हवा, गर्दी, चालणं कितपत झेपतं ते कळेल, आणि मग हज कमिटीचा फॉर्म भरू. अम्मी आधी रुसली. मग म्हणाली, "बोलावणं जसं येईल तसं जायचं."

तारखा ठरवताना माझी शाळा आडवी आली. मी सत्तरीतल्या मराठी प्राथमिक शाळेत शिकवते, रजा मोजून मिळते, म्हणून दिवाळीची सुट्टी धरली. नोव्हेंबरमध्ये तिकडे उन्हाळा ओसरलेला असतो, मक्केत दुपार तापतेच पण मदिनेत पहाटे शाल लागते. शाबान (रमजानच्या आधीचा महिना) आणि रमजानमध्ये गर्दी आणि दर दोन्ही वर चढतात, वयस्क माणूस बरोबर असेल तर ते दिवस टाळावेत असं माझं स्पष्ट मत आहे, पुण्य मोठं असलं तरी.

आणखी एक गोष्ट, बायका कुजबुजत विचारतात म्हणून उघड लिहिते. पाळीच्या तारखा. पाळीत इहराम बांधता येतो, नियत (संकल्प) करता येते, दुआ करता येते, तवाफ मात्र करता येत नाही, पाक होईपर्यंत थांबावं लागतं. म्हणून मी 2 महिने आधी डॉक्टरीणबाईंना भेटले, गोळ्या घ्यायच्या की नाही हे त्यांनी माझं बीपी वगैरे बघून ठरवलं, परस्पर मेडिकलमधून आणून घेऊ नका. आणि तरीही मक्केत 8 रात्री ठेवल्या, की गोळी चुकली तरी मागे दिवस शिल्लक राहावेत. 10 दिवसांच्या स्वस्त पॅकेजमध्ये मक्केला कमी रात्री असतात, त्यात एखाद्या बाईची तारीख आली तर ती उमरा न करताच परतू शकते. एवढा साधा हिशोब, पण पॅकेज ठरवतात घरातले पुरुष.

एजंट. आम्ही चौघांशी बोललो, एक मडगावचा, दोन मुंबईचे, एक बेळगावचा. हजसाठी खासगी टूरवाल्यांची यादी अल्पसंख्याक मंत्रालय काढतं, त्यांना हज ग्रुप ऑर्गनायझर म्हणतात, त्या यादीत ज्याचं नाव आहे तो उमराची टूरही नेत असेल तर निदान एक चाळणी लागलेली असते. आम्ही त्यातलाच निवडला. माणशी 98 हजार, 14 रात्री, व्हिसा, तिकीट, हॉटेल, दोन वेळचं जेवण. वर टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा कर) 5 टक्के, परदेशी टूर पॅकेजवर तो त्या वेळी भरावाच लागायचा, पण रिटर्न भरलं की परत मिळतो, म्हणून पावती पॅन नंबरसकट घ्या. भावाने घेतली आणि पैसे आले. अम्मीचे पैसे तिचे स्वतःचे होते, हे ती सगळ्यांना सांगते आणि मीही सांगते. काजूच्या बागेतले, 3 हंगामांचे, बियांचे. अब्बांनी लावलेली झाडं.

हॉटेलच्या बाबतीत मात्र आम्ही फसलो. कागदावर 'हरमपासून (म्हणजे काबाच्या मशिदीपासून) 600 मीटर' लिहिलं होतं आणि ते खोटं नव्हतं, नकाशावर 600 मीटरच होतं. पण हॉटेल अजियादच्या चढावर. जाताना उतार, येताना चढ, दिवसातून 5 वेळा. शिवाय ते 600 मीटर बाहेरच्या अंगणापर्यंतचे, आत मताफपर्यंत, म्हणजे काबाभोवती फेरे घालायच्या जागेपर्यंत, आणखी तेवढंच चालणं. मी एजंटला फोनवर मीटर विचारले, चढ विचारला नाही. तुम्ही विचारा. पॅकेज घ्यायच्या आधी हॉटेलचं नाव लेखी मागा, नकाशावर रस्त्याचे फोटो उघडून बघा, आणि 'व्हीलचेअर ढकलत नेता येईल का' एवढा एकच प्रश्न विचारा. ज्याला तिथली माहिती असते तो लगेच सांगतो.

पण ते पुढचं. बुकिंग झाल्यावर मी अम्मीला चालायला लावलं. सफा-मरवा एक खेप साधारण 450 मीटर, अशा 7, म्हणजे तीन किलोमीटरच्या थोडं वर, आणि त्याच्या आधी तवाफचे 7 फेरे. आमच्या घरापासून मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत आणि परत हे अंतर भावाने मोबाईलवर मोजलं, ते साधारण सफा-मरवाच्या एका खेपेएवढं भरलं. मग रोज असर, म्हणजे दुपारनंतरची नमाज, झाली की अम्मी निघायची. मोजण्यासाठी तिने 7 चिंचोके घेतले, डाव्या हातात 7, एक फेरी झाली की एक चिंचोका उजव्या हातात. पहिल्या दिवशी 2 चिंचोके. आठवड्याने 3. ऑगस्टमध्ये पाऊस लागला तेव्हा पडवीतच, या टोकाहून त्या टोकाला, किती फेऱ्यांचा एक चिंचोका ते भावाने गणित करून दिलं. सप्टेंबरअखेर 7 झाले त्या दिवशी तिने शेजारच्या वहिनीला हाक मारून मूठ उघडून दाखवली. चिंचोके घामाने चकचकीत झालेले, एकाची साल निघून आतलं पांढरं दिसत होतं. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्याचा पट्टा आणि मऊ सोलच्या चपला सांगितल्या, त्या चपलाही तिने ऑगस्टपासूनच वापरल्या, नव्या चपला घालून जाऊ नका, पायाला फोड येऊन पहिल्या दिवशीच बसावं लागतं.

निघायच्या आधीचा आठवडा कर्जफेडीत गेला. आमच्यात देणं ठेवून जात नाहीत. सोसायटीतलं सोन्यावरचं कर्ज मोकळं केलं. किराणा दुकानात 1,240 रुपये होते ते अम्मीने स्वतः जाऊन दिले, दुकानदार म्हणाला येऊन द्या की मावशी, ती म्हणाली परत आलेच नाही तर. मग घरोघर जाऊन कहासुना माफ, म्हणजे बोलल्याचालल्याची माफी मागणं. ज्यांच्याशी वर्षानुवर्षं बांधाच्या वादातून बोलणं नव्हतं त्यांच्याकडेही गेली. मी दारात थांबले होते, आत काय बोलणं झालं मला माहीत नाही, बाहेर आली तेव्हा हातात त्यांच्या झाडाचे 4 तोरिंज (लिंबाच्या जातीची मोठी फळं) होते. वाड्यावरच्या गावकरांच्या घरी गेलो तर तिथल्या आजींनी सांगितलं, तिथे पोचलीस की आमच्या नातवाचं नाव घे, त्याला बोलता येत नाही. अम्मीने एका शाळेच्या वहीत अशी नावं लिहून घेतली, म्हणजे मी लिहिली, ती सांगत गेली. 71 नावं झाली. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, सगळी.

लस, बॅग हे पटकन सांगते. मेनिंजायटिसची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी, सर्टिफिकेट जपून. बिनवासाचा साबण आणि व्हॅसलीन, कारण इहराममध्ये सुगंध चालत नाही आणि चालून मांड्या सोलवटतात. पुरुषांचे इहरामचे 2 पांढरे कपडे, भावाने 2 जोड घेतले, भेंडीबाजारात. बायकांना वेगळा पोशाख नाही, आपला साधा सैल ड्रेस, फक्त इहराममध्ये चेहऱ्याला कापड चिकटू द्यायचं नाही. चपलांसाठी नाडीची पिशवी खांद्यावर. पासपोर्ट-व्हिसाच्या झेरॉक्स प्रत्येकाच्या बॅगेत. अम्मीच्या गळ्यात एक कार्ड, त्यावर हॉटेलचं नाव अरबीत आणि आमचे दोघांचे नंबर. आणि उकडे तांदूळ 2 किलो, एक छोटा राइस कुकर, सुकी सोलं, लिंबाचं लोणचं. बुफेच्या बिर्याणीने तिसऱ्या दिवशी सगळ्यांची पोटं बिघडली तेव्हा त्या पेजेने आम्हाला उभं ठेवलं, ग्रुपमधल्या लातूरच्या एका चाचांनाही.

थिवीहून कोकणकन्या, पहाटे सीएसएमटी, दिवसभर हज हाऊसजवळ नात्यातल्यांकडे, रात्री जेद्दाचं विमान. साडेपाच तास. आम्ही मदिना आधी ठेवली होती आणि हा निर्णय सगळ्यात चांगला ठरला. थेट मक्केला जायचं तर विमानातच मिकात (जिथून पुढे इहराममध्येच जायचं ती हद्द) येतो, म्हणजे इहराम मुंबईलाच बांधून बसावं लागतं, मग रात्रीचा प्रवास, इमिग्रेशन, आणि तशाच थकल्या अंगाने तवाफ. आधी मदिनेला जाणाऱ्याला ते नाही. जेद्दा एअरपोर्टवरूनच हरमैन रेल्वे मिळते, 2018 साली सुरू झालेली, ताशी 300 किलोमीटरने धावते. अम्मी खिडकीला बसली. बाहेर नुसते काळे डोंगर आणि वाळू. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "यातून ते चालत गेले होते." हिजरतबद्दल, पैगंबरांच्या मक्केहून मदिनेला जाण्याबद्दल, म्हणत होती. मी तोपर्यंत गाडीच्या वेगाचंच कौतुक करत होते, मग गप्प बसले.

मदिनेत 6 रात्री. रौजासाठी, म्हणजे तिथल्या मशिदीतल्या खास पवित्र जागेसाठी, सौदी सरकारच्या नुसुक ॲपवर परमिट लागतं, त्याशिवाय सोडत नाहीत, आणि आम्ही गेलो तेव्हा एकदा घेतलं की वर्षभर परत मिळत नव्हतं. बायकांच्या आणि पुरुषांच्या वेळा वेगळ्या. तारखा भराभर संपतात, मी व्हिसा आल्या दिवसापासून रात्री जागून ॲप उघडत होते, कुणीतरी रद्द केलं की जागा दिसते. अम्मीचं अकाउंट वेगळं उघडलं तिच्या पासपोर्टवर, आणि आम्हा दोघींना एकाच वेळेचा स्लॉट मिळाला, रात्री साडेअकराचा. एजंटने सांगितलं होतं परमिट आम्ही बघू. त्याच्या भरवशावर राहिलेल्या 5 बायकांना शेवटच्या दिवसापर्यंत मिळालं नाही. मी त्यांच्या मोबाईलवर करून द्यायचा प्रयत्न केला, दोघींना मिळालं, तिघींना नाही. त्या तिघी बाहेर अंगणात छत्र्यांखाली बसून सलाम पोचवत होत्या. हे काम स्वतः करा, दुसऱ्यावर सोडू नका.

रौजात जेमतेम 10 मिनिटं मिळाली. पैगंबरांचं घर आणि मिंबर यांच्यामधली ती जागा, जन्नतच्या बागांपैकी एक बाग असं हदीसमध्ये आलंय. अम्मीला जमिनीवर सजदा जमत नाही, घरी ती खुर्चीवर नमाज पढते. तिथे ती खाली बसली. मी तिच्या मागे हात धरून उभी होते, गर्दीचा धक्का लागू नये म्हणून, आणि माझी स्वतःची नमाज राहतेय असं मनात येत होतं. तेव्हा शेजारच्या एका उंच आफ्रिकन बाईने न विचारताच माझ्या जागी उभं राहून अम्मीभोवती हात पसरले आणि मला मानेने खुणावलं, पढ. मी 2 रकात नमाज पढले. तिची भाषा मला येत नव्हती, तिला माझी. वर बघितलं तर ती निघून गेली होती. वहीत 72 वं नाव लिहायचं तर नाव कुठे माहीत होतं.

मदिनेहून मक्केला जाताना रेल्वे न घेता बस घेतली ती मुद्दाम. मदिनेकडून जाणाऱ्यांचा मिकात जुल हुलैफा, तिथे आता मोठी मशीद आहे, लोक अब्यार अली म्हणतात, रेल्वे तिथे थांबत नाही. बस थांबते, बाथरूम भरपूर आहेत, आंघोळ करून इहराम, 2 रकात, नियत. मग बसमध्ये सगळ्यांचं एकत्र लब्बैक ('मी हजर आहे' ही हाक) सुरू झालं. भावाचा आवाज बसमध्ये सगळ्यात मोठा. अब्बांच्या मय्यतीनंतर मी त्याला तसं मोकळं कधीच ऐकलं नव्हतं.

मक्केला रात्री 9 ला पोचलो. बाकीचा ग्रुप जेवून लगेच तवाफला निघाला, गाईड घाई करत होता की सगळे बरोबर चला. इथे आम्ही ठाम नाही म्हटलं. इहराममध्ये राहायला हरकत काही नाही, फक्त त्याचे नियम पाळायचे. अम्मीला पेज दिली, झोपवलं, पहाटे 3 ला उठून निघालो. ग्रुपमधल्या दोन वयस्क बायका रात्रीच गेल्या होत्या, त्यातली एक तवाफमध्ये चक्कर येऊन पडली. ग्रुपबरोबर जाणं सोयीचं खरं, पण ग्रुप तरण्या माणसाच्या चालीने चालतो.

अम्मी मान खाली घालून चालत होती, माझी ओढणी धरून. काबा पहिल्यांदा दिसतो तेव्हाची दुआ कबूल होते असं आपल्याकडे मानतात, म्हणून तोवर वर बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं. भाऊ म्हणाला, अम्मी, आता बघ. तिने वर बघितलं. 4 महिने पाठ केलेल्या दुआ, माझ्या हातची वही, काहीच आठवलं नाही तिला. ओठ हलत होते ते मी कान लावून ऐकलं. गावकरांच्या नातवाचं नाव घेत होती. फक्त तेच, परत परत.

तवाफ खालीच केला, काबाच्या जवळ नाही, बाहेरच्या कडेने, कारण आत रेटारेटी असते. वरच्या मजल्यावर मोकळं असतं पण एक फेरा खूपच लांब पडतो. हजरे अस्वदच्या, म्हणजे काबाच्या कोपऱ्यातल्या काळ्या दगडाच्या, सरळ रेषेत भिंतीवर हिरवा दिवा आहे, तिथून फेरा सुरू आणि तिथेच संपतो. अम्मीच्या डाव्या हातात 7 चिंचोके. हो, तेच, वाळपईचे. पाचव्या फेऱ्याला मागून एक मोठा ग्रुप आला, सगळे एकमेकांना धरून, धक्का लागला आणि अम्मीच्या दोन्ही मुठी उघडल्या. 2 चिंचोके खाली पडले. वाकणं शक्यच नव्हतं. डाव्या हातात 3 होते की 2, तिला आठवेना, भाऊ म्हणाला पाचवा संपला, मला वाटत होतं चौथा. शंका आली की कमी आकडा धरायचा असा नियम आहे, तो आम्ही धरला. म्हणजे कदाचित आम्ही 8 केले. अम्मीला त्याचं काही वाटलं नाही, वाळपईत तिने शेकडो केले होते.

काबासमोरच्या मकामे इब्राहिमच्या मागे लांब जागा मिळाली तिथे 2 रकात, मग जमजमचं पाणी. सईच्या 7 खेपा तिला चालतच करायच्या होत्या. 4 झाल्या. पाचव्या खेपेला तिचा गुडघा सुजला ते पट्ट्याच्या वरून दिसायला लागलं. ती थांबायला तयार नव्हती. हाजराबीबी इथे बाळासाठी पाणी शोधत धावल्या आणि मी खुर्चीत बसून जाऊ का, म्हणाली. भावाने तिच्यासमोर उकिडवं बसून सांगितलं, अम्मी त्या एकट्या होत्या, तुला दोन मुलं आहेत. मग ती व्हीलचेअरवर बसली. ढकलणारे लोक पैसे घेऊन मिळतात, इलेक्ट्रिक गाड्याही आहेत, पण ती खुर्ची भावाने स्वतः ढकलली, शेवटच्या तीनही खेपा. मरवाला पोचलो तेव्हा फजर, पहाटेची नमाज, होत आली होती. मी अम्मीच्या वेणीच्या टोकाचे बोटाच्या पेराएवढे केस कापले. पांढरे, मेंदीने लाल झालेले. बायकांना तेवढंच कापायचं असतं.

त्यानंतरचे दिवस आम्ही दुसरा उमरा केला नाही. ग्रुपमधले लोक रोज हरमच्या हद्दीबाहेरच्या मस्जिदे आयशाला जाऊन इहराम बांधून येत होते, कुणाचे 4 झाले कुणाचे 6. एजंटही तेच सुचवत होता. आम्ही अम्मीला एक दिवस पूर्ण झोपू दिलं, मग रोज असरला नेऊन काबा दिसेल अशा जागी इशापर्यंत, रात्रीच्या नमाजपर्यंत, बसवून ठेवलं. चढाचं हॉटेल असल्यामुळे मधल्या वेळात परत न्यायचं नाही असं ठरवलं होतं, डबा तिथेच अंगणात. तिथे बसून तिने वहीतली 71 नावं घेतली, मी वाचायची, ती दुआ करायची. 3 संध्याकाळी लागल्या. बांधाच्या वादातल्या घरातल्या प्रत्येकाचं नाव वेगवेगळं लिहिलंय हे मला तिथे कळलं, लहान मुलांसकट. लिहिलं मीच होतं, पण तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

परतीला जमजमची 5 लिटरची सीलबंद पेटी माणशी एक, एअरलाइनचा नियम आधी विचारून घ्यावा, बॅगेत बाटल्या भरल्या तर काढून टाकतात. थिवीला उतरलो तर वाड्यावरचे 20-25 लोक स्टेशनवर. गावकरांच्या आजींना अम्मीने पहिलं पाणी दिलं, घरी येऊन अगदी बॅगही उघडायच्या आधी.

गुडघ्याची सूज 3 आठवड्यांनी उतरली. डॉक्टर म्हणाले सावकाश चालायला सुरुवात करा. गेल्या आठवड्यात मी शाळेतून आले तर अम्मी मागच्या चिंचेखाली वाकून काहीतरी वेचत होती. विचारलं काय गो अम्मी. तिने मूठ उघडली, जुने 5 होते, आणखी 2 हवे होते. मग आत जाताना म्हणाली, "बाय, तो हज कमिटीचा फॉर्म कधी निघतो ते बघून ठेव."